कच्च्या पोटासाठी धान्य कसं निवडायचं: पेज, कण्या आणि जवाचं पाणी

"फायबर वाढवा" असं सांगणारे पुष्कळ भेटतात. कोणत्या धान्यातलं वाढवायचं, ते कसं शिजवायचं, किती दिवसांनी किती वाढवायचं, हे बसून समजावणारं माणूस क्वचित भेटतं. म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

माझं पोट लग्नाआधीपासूनच हळवं. जेवण झालं की तासाभरात फुगायचं, कधी तीन दिवस साफ व्हायचं नाही, तर कधी सकाळी चार-चार वेळा जावं लागायचं. तालुक्याच्या गावी एका दवाखान्यात दाखवलं, तपासण्या झाल्या, मोठं काही निघालं नाही. निघताना सांगितलं, "चोथा वाढवा." मी घरी आले आणि कणीक चाळणंच बंद केलं. वरून चक्कीवरून आणलेला गव्हाचा कोंडा दोन-दोन चमचे पिठात मिसळायला लागले. चौथ्या दिवशी पराटीत, म्हणजे कपाशीत, निंदण चालू होतं आणि मी धुऱ्यावर पोट दाबून बसले होते. सासूबाई जवळ आल्या, पाण्याचा गडू हातात दिला आणि म्हणाल्या, "तुहं पोट कच्चं हाय बाई. त्याले पयले पातय दे, मंग घट दे."

पुढे मी जे वाचलं, आहारतज्ज्ञांना विचारून जे समजून घेतलं, ते सगळं त्या एका वाक्याच्या आसपासच फिरत होतं. आधी पातळ, मग घट्ट. आधी सालं काढलेलं, मग सालासकट. खालचा क्रमही तोच आहे.

धान्याला हात लावण्याआधी

काही लक्षणं अशी असतात की तिथे धान्य बदलत बसणं म्हणजे वेळ घालवणं. शौचातून रक्त जाणं, डांबरासारखी काळी शी, कारण नसताना वजन उतरणं, रात्री झोपेतून उठवणारे जुलाब, गिळताना घास अडकणं, अंगातलं रक्त कमी होणं, पन्नाशीच्या आसपास शौचाची सवय एकाएकी बदलणं. यातलं एकही असेल तर आधी डॉक्टर. आपल्या विदर्भात, विशेषतः पूर्वेकडच्या जिल्ह्यांत, सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचे रुग्ण बरेच आहेत आणि त्या आजारात पोटात जीवघेणी कळ येऊ शकते. घरात कोणाला सिकलसेल असेल आणि तुमची तपासणी झाली नसेल, तर ती आधी करून घ्या. आशाताईंना विचारलं तर त्या कुठे जायचं ते सांगतात.

दुसरी गोष्ट गव्हाची. गहू खाल्ला की त्रास होतो असं वाटलं की माणूस आधी गहू सोडतो. थांबा. गव्हातल्या ग्लुटेनमुळे आतड्याला इजा होणारा सिलिअ‍ॅक नावाचा आजार असतो. तो आहे की नाही हे कळायला टीटीजी नावाची रक्ततपासणी करतात. ही तपासणी गहू खात असतानाच करायची असते. महिनोनमहिने गहू बंद ठेवून रक्त दिलं तर आजार असूनही अहवाल चांगला येऊ शकतो. आणि सिलिअ‍ॅक निघालाच, तर या लेखातलं जव (बार्ली) तुमच्यासाठी नाही, कारण जवातही ग्लुटेन असतं. तांदूळ, ज्वारी, बाजरी, नाचणी, भगर यांत ते नसतं.

दोन ग्लासांचा प्रयोग

फायबर दोन जातींचं असतं हे वाचून डोक्यात राहत नाही. एकदा डोळ्यांनी पाहिलं की राहतं. मी बचत गटाच्या बायांना हे करून दाखवते.

एका काचेच्या ग्लासात गव्हाचा कोंडा एक चमचा घाला, वर गरम पाणी. दुसरीकडे मूठभर जव रात्री भिजवा आणि सकाळी अर्धा-पाऊण तास शिजवा. ते पाणी दुसऱ्या ग्लासात ओता आणि दोन्ही ग्लास शेजारी ठेवा. पहिल्यात कोंडा भिजून तळाशी बसलेला दिसतो, वरचं पाणी पाण्यासारखंच पातळ. दुसरं पाणी दुधट असतं, चमच्याने उचललं की जड पडतं, बोटांत घेतलं तर किंचित बुळबुळीत लागतं.

पहिलं न विरघळणारं फायबर. ते आतड्यातून झाडूसारखं जातं, मळाचा आकार वाढवतं आणि त्याला पुढे ढकलतं. दणकट पोटाला हे चांगलंच. हळव्या पोटाला मात्र तो झाडू टोचतो, म्हणून कोंडा वाढवल्यावर माझी कळ वाढली. दुसरं विरघळणारं फायबर. ते पाणी धरून ठेवतं आणि मऊ लगदा करतं. म्हणून बद्धकोष्ठ असेल तर मळ मऊ होतो आणि पातळ होत असेल तर थोडा बांधला जातो. जव आणि ओट्समधल्या या फायबरचं नाव बीटा-ग्लुकन.

आता इथे एक बारीक गोष्ट आहे आणि पुष्कळ लेखांत ती सुटते. विरघळणारं आहे म्हणजे ते सौम्य असेलच असं नाही. मोठ्या आतड्यातले जंतू विरघळणारं फायबर खातात आणि त्यातून वायू तयार होतो. काही प्रकार हळूहळू आंबतात, ते सोसतात. काही झपाट्याने आंबतात, ते पोट फुगवतात. गहू, कांदा आणि लसूण यांतलं फ्रुक्टन हे विरघळणारंच आहे, पण झपाट्याने आंबणारं. म्हणून प्रत्येक धान्याला दोन प्रश्न विचारायचे: यात विरघळणारं किती? आणि माझ्या पोटात ते किती गडबड करतं?

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०१७ साली भारतीय अन्नपदार्थांचे तक्ते काढले. त्यांत पॉलिश केलेल्या १०० ग्रॅम कच्च्या तांदळात एकूण फायबर पावणेतीन ग्रॅमच्या आसपास आणि त्यातलं विरघळणारं एक ग्रॅमहूनही कमी. गव्हात एकूण सुमारे ११ ग्रॅम, विरघळणारं दीडेक ग्रॅम. ज्वारीत एकूण १० च्या आसपास, विरघळणारं पावणेदोनच्या जवळ. जवात एकूण साडेपंधरा, विरघळणारं साडेपाचच्या पुढे. म्हणजे नुसता आकडा पाहिला तर जव सगळ्यांच्या पुढे आणि ज्वारी गव्हाच्या जवळपास. तरीही मी ज्वारी आधी आणि जव नंतर सांगते. त्याचं कारण पुढे येईल.

पहिला आठवडा तांदळाचा

पोट खवळलेलं असताना फायबर वाढवायचं नसतं. आधी ते निवू द्यायचं. यासाठी पॉलिशचा पांढरा तांदूळ चांगला. एरवी ज्याला आपण नावं ठेवतो तो त्याचा कमी चोथा या आठवड्यात कामाला येतो.

भंडारा-गोंदियाकडे तांदळाची ददात नाही. चिन्नोर मिळाला तर उत्तम, पण रोजच्यासाठी एचएमटी पुरे. हे वाण चंद्रपूर जिल्ह्यात नागभीड तालुक्यातल्या नांदेड गावच्या दादाजी खोब्रागडे यांनी आपल्या शेतात निवड करत करत तयार केलेलं. बारीक दाणा, लवकर मऊ होतो. नवा तांदूळ चिकट होतो आणि काहींना जड वाटतो. जुना मिळाला तर तो घ्या.

अर्धी वाटी तांदळाला पाच वाट्या पाणी. मंद आचेवर दाणा फुटेपर्यंत शिजवा आणि रवीने दोन फिरक्या मारा. मीठ आणि चिमूटभर जिरेपूड घाला. ही पेज दोन दिवस. तिसऱ्या दिवसापासून मुगाच्या सालं काढलेल्या डाळीची पातळ खिचडी. दोन भाग तांदूळ, एक भाग डाळ. डाळ दोन तास भिजवून ते पाणी फेकून द्या, वायू करणारी काही साखर त्या पाण्यात उतरते. फोडणी जिरं-हिंगाची, वर एक लहान चमचा तूप.

लसणाशिवाय आपल्याकडे जेवण होत नाही हे मला ठाऊक आहे. त्यावर एक उपाय आहे. फ्रुक्टन तेलात विरघळत नाही. लसणाच्या पाकळ्या ठेचू नका, अख्ख्याच तेलात परता आणि लाल झाल्या की काढून टाका. वास आणि चव तेलात राहते, त्रास देणारा भाग पाकळीबरोबर बाहेर जातो. भिवापुरी तिखटाला मात्र या आठवड्यात हात लावू नका.

मधुमेह असेल तर पेज साखर झपाट्याने वाढवते, तेव्हा डॉक्टरांना विचारूनच. आणि बाकीच्यांनीही हे चार ते सात दिवसच करायचं. नुसत्या पांढऱ्या भातावर महिनोनमहिने राहिलं तर पोट अजूनच नाजूक होतं.

दुसरा टप्पा: ज्वारीच्या कण्या

आमच्याकडे वऱ्हाडात आधी घरोघरी ज्वारी पिकायची. कापूस आणि सोयाबीनने तिचा पेरा खाल्ला, रेशनवर गहू-तांदूळ आला, आणि ज्वारी विकत घ्यायची वेळ आली. बाजारातून आणताना दाणा पाहून घ्या. खरिपाची ज्वारी कणसात भरत असताना पाऊस लागून राहिला की दाण्यावर बुरशी येते. असा दाणा काळपट किंवा गुलाबीसर डागांचा असतो. दुकानदार तीच ज्वारी स्वस्तात देतो. घेऊ नका. मूठभर दाणे तळहातावर घ्या, फुंकर मारा, नाकाशी धरा. कुबट वास आला तर ठेवून द्या. एक दाणा दाताखाली फोडा. चांगला दाणा कट् आवाज करून फुटतो आणि आत पांढरा स्वच्छ दिसतो.

आता ज्वारी आधी का, ते सांगते. तिच्यात विरघळणारं फायबर फार नाही हे वर आलंच. पण फ्रुक्टन नगण्य, ग्लुटेन नाही, आणि महत्त्वाचं म्हणजे तिचं साल घरच्या घरी काढता येतं. न विरघळणारा चोथा मुख्यतः त्या सालात असतो. म्हणून भाकर आधी नाही. आधी कण्या.

कण्या करायची रीत मी सासूबाईंकडून शिकले. दोन किलो ज्वारी सुपात पाखडून खडे काढायचे. मग कोपरात, म्हणजे मोठ्या परातीत, घेऊन वरून पाणी शिंपडायचं, भिजवायचं नाही. दाणा फक्त ओलसर झाला पाहिजे. ओल्या कपड्याखाली दहा-पंधरा मिनिटं झाकून ठेवायचं, म्हणजे साल सुटं होतं आणि आतला दाणा कोरडा राहतो. मग उखळात थोडी थोडी घालून मुसळाने हलक्या हाताने कांडायचं. जोर लावला की दाणा फुटतो आणि कोंड्यात मिसळतो. पाच-सात मिनिटांत उखळाच्या कडेला लालसर पापुद्रे दिसायला लागतात. सुपात घेऊन पाखडलं की ते पुढे उडतात, जड दाणा मागे राहतो. सासूबाईंचं सूप एका लयीत चालायचं, कोंडा सुपाच्या टोकावरून पडायचा आणि खाली गाईची टोपली आधीच मांडलेली असायची. मला ती लय यायला दोन वर्षं लागली. पाखडलेली ज्वारी उन्हात कडक वाळवून जात्यावर भरडायची. चाळणीवर राहतात त्या कण्या, खाली पडतं ते पीठ आंबिलीला.

उखळ नसेल तर मिक्सरच्या भांड्यात ओलवलेली ज्वारी अर्धी भरून एक-एक सेकंदाचे सात-आठ झटके द्या, साल सुटतं. मग वाळवून भरड काढा. चक्कीवाला ओळखीचा असेल तर तोही भरडा काढून देतो, पण त्याला आधी सांगा की गव्हाच्या मागोमाग नको. सिलिअ‍ॅक असणाऱ्यांनी तर घरीच करावं.

शिजवताना घाई नको. एक वाटी कण्या तीन-चार तास भिजवा. गंजात पाच वाट्या पाण्याला उकळी आली की कण्या सोडा, मीठ घाला आणि मंद आचेवर पस्तीस-चाळीस मिनिटं ढवळत शिजवा. झालं की नाही हे घड्याळाला विचारू नका. एक कणी चिमटीत दाबा. मधे खडा लागला तर अजून पाणी घाला आणि शिजू द्या. अर्धवट शिजलेला स्टार्च लहान आतड्यात पचत नाही, मोठ्या आतड्यात जाऊन आंबतो, आणि दोष बिचाऱ्या ज्वारीवर येतो.

पहिल्या दिवशी कण्या फक्त चार चमचे, त्याही दुपारच्या मऊ भातासोबत. वरून पातळ ताजं ताक आणि चिरलेला सांबार, म्हणजे कोथिंबीर. दोन दिवस ठीक गेले तर अर्धी वाटी. मग वाटीभर. गरम खा. शिजवून गार केलेल्या धान्यातला काही स्टार्च घट्ट होऊन न पचणारा बनतो. साखर असणाऱ्यांना तो फायद्याचा असला तरी हळव्या पोटात त्याने वायू होऊ शकतो. शिवाय वैशाखात पारा ४५ अंशांना टेकतो तेव्हा दुपारपर्यंत ठेवलेल्या कण्या नासतात.

आंबील, आणि मग भाकर

कण्या आठवडाभर सोसल्या की आंबील. महालक्ष्म्यांना नैवेद्याला आपण ती करतोच, पण वर्षातून एकदा करून ठेवून देण्याचा हा पदार्थ नाही. चाळलेलं ज्वारीचं पीठ चार चमचे वाटीभर ताकात कालवून रात्रभर झाकून ठेवा. उन्हाळ्यात सहा तास पुरे. सकाळी तीन वाट्या उकळत्या पाण्यात ओतून गुठळी न होऊ देता दहा-बारा मिनिटं शिजवा. ज्वारीचं प्रथिन पाण्यात शिजवल्यावर पचायला जड होतं, आंबवल्याने ते हलकं होतं. ज्यांना आम्लपित्ताचा त्रास आहे त्यांनी ताक गोडं घ्यावं आणि आंबवण्याचा वेळ कमी करावा.

भाकर या सगळ्यानंतर. पीठ ताजं हवं. आठ-दहा दिवसांत विरी, म्हणजे पिठाचा चिकटपणा, जाते, भाकर थापताना कडा फाटतात आणि ती कोरडी, जाड होते. आधण घालून पीठ मळा, भाकर पातळ थापा, पुरती फुगू द्या. पहिल्यांदा अर्धी भाकर वरणात कुस्करून खा. वरणही मुगाचं किंवा तुरीच्या धुतल्या डाळीचं असू द्या. बेसन-भाकर आणि ठेचा मला जीव की प्राण, पण हरभऱ्याचं बेसन हे या टप्प्यावरचं अन्न नाही. ते सगळ्यात शेवटी, कोरभर भाकरीसोबत दोन चमचे.

जव मागाल तर जवस हातात पडेल

हे माझ्याबरोबर झालं आहे. आठवडी बाजारात मी "जव द्या" म्हटलं आणि दुकानदाराने पुडी बांधली. घरी येऊन उघडली तर चकचकीत तपकिरी चपटे दाणे. दुसऱ्या आठवड्यात परत नेली तर तो म्हणाला, "ताई, जव म्हंजे जवसच न?" त्याचंही चुकलं नव्हतं. आपल्याकडे जवस पिकतं, त्याची चटणी घरोघरी होते, जव मात्र कोणी पेरत नाही. जव गव्हासारखं दिसतं, थोडं फिकट आणि दोन्ही टोकांना निमुळतं. पूजेच्या सामानाच्या दुकानात ते सालासकट मिळतं, पण ते खाण्यासाठी नको. किराण्याच्या मोठ्या दुकानात पांढरट, गोलसर, साल काढलेलं जव मिळतं, तिथे ते बार्ली या नावानेच मागा. सातूचं पीठ म्हणून आपण उन्हाळ्यात गुळाच्या पाण्यात कालवतो, ते मात्र बहुतेक घरी गहू आणि हरभऱ्याच्या डाळीचं असतं. त्याला जव समजू नका.

पॉलिशमुळे सगळं सत्त्व गेलं असं जवाच्या बाबतीत होत नाही. बीटा-ग्लुकन त्याच्या आतल्या गाभ्यातही पसरलेलं असतं. त्यामुळे साल काढलेलं पांढरं जवही कामाचं, आणि टोचणारा चोथा तेवढा कमी.

पण जवात फ्रुक्टनही असतं. म्हणूनच ते ज्वारीच्या मागून आणि पाण्यापासून सुरू करायचं. दोन मोठे चमचे जव रात्री भिजवा, सकाळी ते पाणी टाकून एक लिटर नव्या पाण्यात पाऊण तास उकळा आणि गाळा. गाळलेलं पाणी अर्धा पेला, चिमूटभर मीठ घालून, सकाळी दहाच्या सुमारास. तीन दिवस काही झालं नाही तर पेलाभर. आठवड्यानंतर शिजलेले दाणे चमचाभर खिचडीत. मी तीन चमच्यांच्या पुढे गेले की फुगते, म्हणून तिथेच थांबले आहे. तुमची मर्यादा तुम्हाला सापडेल.

ओट्स आपल्या मातीतले नाहीत, पण तालुक्याला मिळतात आणि बऱ्याच जणांना जवापेक्षा ते अधिक सोसतात. १०० ग्रॅममध्ये साधारण चार ग्रॅम बीटा-ग्लुकन. साधेच घ्या. मसाला ओट्सच्या पुडीत कांदा-लसणाची भुकटी आणि तिखट असतं, म्हणजे नेमकं जे टाळायचं तेच. तीन चमचे ओट्स पातळ ताकात नव्हे, पाण्यात शिजवा, ताक खाली उतरवल्यावर घाला, नाहीतर फाटतं.

जवस परत केलं असं वाचून ते वाईट समजू नका. जवस भिजवलं की त्याभोवती जो बुळबुळीत थर येतो, तेही विरघळणारं फायबरच. चमचाभर जवस भाजून, कुटून, भरपूर पाण्यासोबत घ्यायला हरकत नाही. अख्खं गिळलं तर बरंचसं तसंच बाहेर पडतं. आणि धान्याने भागलं नाही तर इसबगोल आहे. तो विरघळतो, पण फारसा आंबत नाही, म्हणून वायू कमी. एक चमचा पेलाभर पाण्यात घालून लगेच प्यायचा, वर आणखी पाणी. कोरडा कधीही तोंडात टाकू नका, घशात फुगून अडकू शकतो. इतर औषधं आणि इसबगोल यांत दोन तासांचं अंतर ठेवा.

गव्हाचं काय करायचं

सिलिअ‍ॅक नसेल तर गहू कायमचा सोडायची गरज नाही. रेशनचा गहू घरात असताना वेगळं धान्य विकत आणणं प्रत्येकाला परवडतही नाही. कणीक बारीक चाळणीने चाळा, म्हणजे जाड कोंडा जातो. हा सल्ला धडधाकट माणसासाठी उलटा आहे, हे लक्षात ठेवा. घरातल्या बाकीच्यांची कणीक चाळू नका. दिवसातून एकाच जेवणात दोन पातळ पोळ्या आणि दुसऱ्या जेवणात ज्वारी किंवा भात, एवढ्यावर माझं जमतं. जाड रव्याचे पानगे-रोडगे मी सणालाच खाते, तेही अर्धा, तुपात कुस्करून.

वही

मुलांच्या जुन्या वहीची उरलेली पानं घ्या. रोज चार गोष्टी लिहा: काय खाल्लं, किती खाल्लं, पोट कसं राहिलं, शौच कशी झाली. एका वेळी एकच धान्य बदला आणि त्याला निदान तीन दिवस द्या. दोन गोष्टी एकदम बदलल्या की कोणी त्रास दिला ते कळत नाही. मला दूध सोसत नाही हे वहीनेच दाखवलं. मी वर्षभर ज्वारीला दोष देत होते, आणि त्रास व्हायचा तो कण्यांत दूध-गूळ घालून खाल्ल्यावर. बायांनी पाळीची तारीखही लिहावी, त्या दिवसांत बऱ्याच जणींचं पोट आपोआप बिघडतं.

फायबर वाढलं की पाणीही वाढलं पाहिजे. विरघळणारं फायबर पाणी धरतं, पाणीच नसेल तर मळ आणखी घट्ट होतो. शेतात जाताना दोन लिटरची कॅन भरून न्या आणि ती संपवूनच परत या. ज्यांना मूत्रपिंडाचा किंवा हृदयाचा आजार आहे त्यांनी पाण्याचं प्रमाण डॉक्टरांकडून घ्यावं.

लहान लेकरांना या आहारावर ठेवू नका. त्यांचं पोट इवलंसं, ते पातळ पेजेनेच भरून जातं आणि अंगी लागत नाही. म्हाताऱ्या माणसांना कण्या आणि आंबील चालते, फक्त जव-जवस हळूहळू.

पंगतीत आणि शेतात

सगळ्यात जास्त बिघाड लग्नाच्या दिवसांत होतो. पंगतीला बसलं की आग्रह होतो. आधी वरण-भात मागा, वर तूप घ्या, तेवढ्याने अर्धं पोट भरतं. वांग्याच्या भाजीतली फोड घ्या, तर्री सोडा. मठ्ठा घ्या. बुंदी हातभर वाढली तरी घासभर खाऊन बाजूला ठेवा. कोणी विचारलंच तर "पथ्य आहे" म्हणा, आपल्याकडे त्या शब्दाला अजून मान आहे.

शेतात डबा नेताना भाकर कोरडी नेऊ नका. तव्यावरून उतरल्या उतरल्या तुपाचं बोट फिरवून फडक्यात गुंडाळा, सोबत मुगाचं घट्ट वरण वेगळ्या डब्यात आणि ताक बाटलीत. अकराच्या आत खाऊन घ्या. नागपुरी संत्र्याचा हंगाम असेल तर चारच्या सुमारास एक संत्रं, फोडीवरचे पांढरे धागे न काढता. त्या धाग्यांत पेक्टिन असतं, तेही विरघळणारंच.